सव्वापाच तास: मणक्यातल्या पाण्याच्या एका नमुन्याची हकिकत

धायरीकडच्या एका छोट्या रुग्णालयातून आमच्याकडे हलवलेल्या ३४ वर्षांच्या रुग्णाच्या फाइलवर शेवटची नोंद होती: टीबी मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा टीबी), एकेटी (टीबीची औषधं) सुरू करणे, अँटिबायोटिक थांबवण्याचा विचार. ही नोंद करणाऱ्या डॉक्टरांचं काही चुकलं होतं असं मला वाटत नाही. त्यांच्या हातात सीएसएफचा, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचा, जो रिपोर्ट होता, तो वाचून कुणीही टीबीच म्हटलं असतं. रुग्णाला टीबी नव्हता. त्याच्या मेंदूच्या आवरणात न्यूमोकॉकस या जिवाणूमुळे झालेला पू होता आणि चालू असलेली अँटिबायोटिक बंद केली असती, तर तो बहुधा वाचला नसता.

उशिरा तपासलेला नमुना 'खराब' झालेला असतो आणि खराब नमुना पाहताक्षणी ओळखू येतो, असा आपल्याकडे समज आहे. सीएसएफच्या बाबतीत हा समज घातक आहे. तासन् तास पडून राहिलेला सीएसएफ निरुपयोगी दिसत नाही. तो दुसऱ्याच एका आजाराचा रिपोर्ट देतो, आणि तोही इतका सुबक की शंका घ्यायला जागा उरत नाही. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते यासाठी. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

रुग्ण फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा. दोन दिवस ताप, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तो असंबद्ध बोलायला लागला, तेव्हा घरच्यांनी त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं. मान ताठ होती. डाव्या कानातून लहानपणापासून पू येतो, ही माहिती पत्नीने दिली होती आणि फाइलमध्ये लिहिलेलीही होती. घरच्यांच्या मनात भीती मात्र वेगळीच होती. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोमची (जीबीएस, म्हणजे मज्जातंतूंवर घाला घालून हातपाय लुळे पाडणारा आजार) जी साथ आली, त्यानंतर तिकडच्या घरांतून मेंदू-मज्जातंतूंचं काहीही झालं की पहिला प्रश्न येतो, 'जीबीएस तर नाही ना?'

रुग्णालयाने सीटी स्कॅन पाहून संध्याकाळी ५.१० ला एलपी केली, म्हणजे कमरेतून मणक्यातलं पाणी काढलं. लगेच सेफ्ट्रायॅक्झोन, व्हॅन्कोमायसिन ही अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केलं. हे त्यांनी अगदी वेळेत आणि बरोबर केलं. रुग्ण जगला त्याचं पहिलं श्रेय या निर्णयाला आहे.

रिपोर्ट रात्री उशिरा आला. पाणी किंचित गढूळ. पांढऱ्या पेशी प्रति घन मिलिमीटर ११०, त्यांतल्या ७० टक्के लिम्फोसाइट या प्रकारच्या. प्रथिनं १६८ मिलिग्रॅम, ग्लुकोज ३१, आणि त्याच वेळची रक्तातली साखर ११८. दुसऱ्या दिवशी ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू नाहीत, पुढे कल्चरमध्येही (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) वाढ नाही, एडीए (टीबीत वाढणारं विकर) ९, म्हणजे ना इकडे ना तिकडे. टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह, पण टीबी मेनिंजायटिसमध्ये सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाकारता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

निरोगी प्रौढाच्या सीएसएफमध्ये पाचपर्यंत पांढऱ्या पेशी असतात, प्रथिनं १५ ते ४५ असतात आणि ग्लुकोज रक्तातल्या साखरेच्या साधारण ६० टक्के असतं. जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये पेशी बहुधा शेकड्यांनी-हजारांनी वाढतात आणि त्यांत न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) जास्त असतात, ग्लुकोज खाली जातं. विषाणूंच्या आजारात लिम्फोसाइट वाढतात, पण ग्लुकोज बहुतेक वेळा ठीक राहतं. लिम्फोसाइट जास्त, प्रथिनं जास्त आणि ग्लुकोज कमी हे त्रिकूट दिसलं की आपल्या देशातला डॉक्टर आधी टीबीचा विचार करतो, आणि ते योग्यच आहे. टीबी मेनिंजायटिसमध्ये उपचाराला उशीर झाला तर माणूस जातो किंवा कायमचा अपंग होतो. म्हणून संशयावर एकेटी सुरू करण्याला माझा विरोध नाही. प्रश्न होता तो अँटिबायोटिक थांबवण्याचा.

रुग्ण आमच्याकडे आल्यावर वॉर्डातल्या रेसिडेंटचा फोन लॅबमध्ये आला. तिचा प्रश्न साधा होता. "सर, रक्तात पांढऱ्या पेशी एकवीस हजार, नव्वद टक्के न्यूट्रोफिल. आजार जेमतेम तीन दिवसांचा. कानात पू. आणि पाण्यात मात्र लिम्फोसाइट. हे जुळत नाहीये. पाणी काढलं कधी आणि मोजलं कधी, ते रिपोर्टवर कुठेच नाही."

सीएसएफच्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची आणि पेशी मोजल्याची वेळ नसेल, तर पेशींचा आकडा अर्धाच असतो. त्या रिपोर्टवर फक्त रिपोर्ट छापल्याची वेळ होती. पुन्हा एलपी करायची ठरली.

पत्नी तयार होईना. "एकदा काढलंय ना पाणी? परत सुई घातली तर पाय जातात म्हणतात." ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. रेसिडेंट तिच्याशेजारी बाकावर बसली आणि बोट स्वतःच्या कमरेवर ठेवून तिने दाखवलं: "ताई, पाठीचा कणा इथवर आहे, पण आतली मुख्य नस याच्या बरीच वर संपते. आपण सुई घालतो ती त्याच्या खाली. आणि हे पाणी शरीर रोज नव्याने तयार करतं, दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास. आपण काढणार दोन-तीन चमचे." रुग्णाचा मोठा भाऊ म्हणाला, "करा मॅडम, पण या वेळी रिपोर्ट खरा येऊ दे." रिपोर्ट खोटा दिलाय असं त्याला म्हणायचं नव्हतं, पण तो जे बोलला ते नेमकं होतं.

वॉर्डातल्या मामांना सोबत घेऊन भावानेच नळ्या हातात धरून खाली लॅबमध्ये आणल्या. दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. आम्ही टेबल तयार ठेवलं होतं. एलपीपासून अर्ध्या तासाच्या आत न्यूबावर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या आखीव काचेत) पेशी मोजून झाल्या: ६२०, त्यांतले ८२ टक्के न्यूट्रोफिल. ग्लुकोज ४४, रक्तातली साखर १२६. प्रथिनं १९०. तोवर अँटिबायोटिक चालू होऊन जवळपास दोन दिवस झाले होते, त्यामुळे कल्चरमध्ये काही उगवेल अशी आशा नव्हती आणि उगवलंही नाही. मल्टिप्लेक्स पीसीआरमध्ये (अनेक जंतूंचा डीएनए एकदम शोधणाऱ्या तपासणीत) स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए, म्हणजेच न्यूमोकॉकस, मिळाला.

दोन दिवस औषध घेतलेल्या माणसाच्या पाण्यात न्यूट्रोफिल ८२ टक्के, आणि औषधाचा पहिला थेंब जाण्याआधी काढलेल्या पाण्यात ३० टक्क्यांहून कमी. हे उलटं आहे. आजार असा वागत नाही. वागला तो नमुना.

पहिल्या लॅबने अतिशय मोकळेपणाने सहकार्य केलं, हे सांगायलाच हवं. त्यांच्याकडे उरलेली नळी फ्रिजमध्ये होती, रंगवलेली काच जपून ठेवलेली होती आणि नोंदवहीत वेळा होत्या. रुग्णालयाच्या काउंटरवरच्या नोंदी, रायडरच्या ॲपमधल्या वेळा आणि लॅबच्या बारकोडच्या वेळा एकत्र ठेवल्यावर नमुन्याचा प्रवास समोर आला.

पाणी निघालं ५.१० ला. नळ्या खाली काउंटरवर आल्या ५.२० ला. बाहेरची तपासणी असल्यामुळे आधी पैसे भरायचे होते. नातेवाईक एटीएम शोधून, पावती करून परत येईपर्यंत पावणेसहा वाजून गेले. फॉर्मवर डॉक्टरांची सही राहिली होती. सव्वासहाला एका सिस्टरने नळ्या काउंटरवर उघड्या पाहिल्या आणि काळजीपोटी फ्रिजमध्ये ठेवल्या. रायडरची संध्याकाळची फेरी आठची. तो आठला निघाला, वडगाव आणि आनंदनगरला आणखी दोन ठिकाणचे नमुने उचलले, राजाराम पूल ओलांडून ८.५० ला लॅबमध्ये पोचला. तिथे रात्रीच्या पाळीला एकच तंत्रज्ञ. नोंदणी होऊन बारकोड लागायला ९.४० झाले, कारण सीएसएफच्या नळ्या इतर रक्ताच्या नळ्यांबरोबर एकाच ट्रेमध्ये रांगेत होत्या. पेशी मोजल्या १०.२५ ला. कल्चर लावलं दुसऱ्या दिवशी सकाळी, सूक्ष्मजीवशास्त्र विभाग उघडल्यावर.

एलपीपासून पेशी मोजेपर्यंत सव्वापाच तास. पुण्यात कुठल्याही उशिराचं खापर ट्रॅफिकवर फोडायची सवय आपल्याला लागली आहे, आणि इथेही पहिली प्रतिक्रिया 'सिंहगड रोडची संध्याकाळ म्हणजे असंच होणार' अशीच होती. प्रत्यक्षात रस्त्यावर गेली ५० मिनिटं, तीही दोन थांबे धरून. उरलेले चार तास पंचवीस मिनिटं नमुना कुठे ना कुठे बसून होता: पावतीसाठी, सहीसाठी, फेरीसाठी, बारकोडसाठी. यातला एकही माणूस निष्काळजी नव्हता. प्रत्येकाने रक्ताच्या नळीसाठी ठरलेली रीत सीएसएफला लावली.

रक्ताची रीत सीएसएफला का चालत नाही, याचं कारण त्या पाण्याच्या घडणीत आहे. रक्ताच्या प्लाझ्मात प्रथिनं डेसिलिटरला सुमारे ७,००० मिलिग्रॅम असतात. सीएसएफमध्ये निरोगी अवस्थेत जेमतेम ३०-४०. पेशींना सांभाळणारं असं त्या पाण्यात जवळपास काही नाही. आजारात प्रथिनं वाढून १६८ झाली तरी रक्ताच्या तुलनेत ती नगण्यच. न्यूट्रोफिल ही मुळातच अल्पायुषी पेशी. शरीराबाहेर, अशा पातळ पाण्यात ती झपाट्याने फुटते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या सीएसएफमधले सुमारे एक तृतीयांश न्यूट्रोफिल पहिल्या तासात आणि निम्मे दोन तासांत नाहीसे झाले होते. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट त्या मानाने टिकतात. म्हणजे घट सरसकट नसते. सगळ्या पेशी सारख्या प्रमाणात कमी झाल्या असत्या, तर टक्केवारी तीच राहिली असती आणि डॉक्टरला आजार तरी ओळखता आला असता. इथे न्यूट्रोफिल निघून जातात, लिम्फोसाइट मागे राहतात, आणि टक्केवारीच उलटते.

त्या रात्रीची काच मी स्वतः पाहिली. पेशी रंगवण्याचा लिशमन स्टेन चांगला झाला होता. पण जागोजाग जांभळे डाग पसरलेले, आकार नसलेले, म्हणजे फुटलेल्या पेशींची केंद्रकं. नियमाप्रमाणे अशा डागांची गणती होत नाही. त्यांच्या मधोमध नीट गोल, गडद, लहान केंद्रकाच्या पेशी होत्या आणि रिपोर्टमध्ये त्या लिम्फोसाइट म्हणून गेल्या होत्या. ऑइल इमर्शनखाली फोकस हळूहळू वरखाली केल्यावर त्यांतल्या बऱ्याच पेशींच्या पेशीद्रवात बारीक कण दिसत होते आणि कडा फाटलेल्या होत्या. मरत चाललेल्या न्यूट्रोफिलचं खंड-खंड असलेलं केंद्रक आकसून एकच गोल गोळा होतो, आणि घाईत तो हुबेहूब लिम्फोसाइटसारखा दिसतो. म्हणजे न्यूट्रोफिल दोन वाटांनी हरवले: काही फुटून डाग झाले, काही दुसऱ्याच नावाने मोजले गेले. रात्री साडेदहाला एकट्याने शेकडो नमुने हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला हा फरक दिसला नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही. रिपोर्टवर 'पेशी मोठ्या प्रमाणात विघटित' एवढी एक ओळ असती, तरी पुढचं बरंच टळलं असतं.

ग्लुकोजची गोष्ट तशीच. नळीतल्या जिवंत पेशी आणि जिवाणू ग्लुकोज खात राहतात. ते थांबवण्यासाठी फ्लुओराइडची नळी असते, आपल्याकडे करड्या झाकणाची. इथे ग्लुकोज साध्या नळीतून केलं गेलं होतं. ३१ मधला किती भाग आजाराचा आणि किती उशिराचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आजाराने ते खाली आलंच होतं, दुसऱ्या नमुन्यातही ते कमी आहे. पण विघटनाने वर आणलेले लिम्फोसाइट आणि उशिराने आणखी खाली ढकललेलं ग्लुकोज एकाच कागदावर आले आणि टीबीचं चित्र पूर्ण झालं.

आता फ्रिजचं. सिस्टरने नळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या त्या का, हे विचारल्यावर तिने दिलेलं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. "सर, साथीच्या वेळी एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला) जे नमुने जायचे ते बर्फात पाठवायचे अशी सूचना होती." तिला जे आठवत होतं ते अगदी बरोबर होतं. विषाणू शोधायचा असेल, पीसीआर करायची असेल, तर शीतसाखळी हवीच. पण जिवाणूंच्या कल्चरसाठी त्याच पाण्याला नेमका उलटा नियम आहे. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस हे मेनिंजायटिसचे तिन्ही मुख्य जिवाणू नाजूक. थंडीत ते टिकत नाहीत. कल्चरची नळी खोलीच्या तापमानाला ठेवायची आणि लवकरात लवकर पोचवायची. न्यूमोकॉकसला तर स्वतःच्याच विकरांनी विरघळून जायची सवय आहे, म्हणून फ्रिज नसता तरी रात्रभर थांबून तो सकाळी उगवला असता याची खात्री नाही. एकाच सुईतून आलेल्या पाण्याच्या दोन नळ्या, एक बर्फात आणि एक बाहेर, हे कुणी लिहून दिल्याशिवाय काउंटरवरच्या माणसाला कळणार कसं?

या प्रकरणातला मला सगळ्यात बोलका वाटलेला निकाल पुढचा आहे. पहिल्या लॅबने जपलेली ती जुनी नळी आम्ही मागवली आणि त्यावर पीसीआर केली. त्यातही न्यूमोकॉकस मिळाला. जिवाणू मेलेला, कल्चर कोरं, न्यूट्रोफिल विरघळलेले, पण डीएनए शाबूत. पहिल्या रात्रीच्या त्या नळीत खरं निदान होतं. ते शोधायचं कुणाला सुचलं नाही, कारण पेशींच्या आकड्याने सगळ्यांची नजर टीबीकडे वळवली होती. उशीर झालेल्या नमुन्याचंही सगळंच वाया जात नाही. प्रथिनं बऱ्यापैकी टिकतात, डीएनए टिकतो. पेशी आणि कल्चर टिकत नाहीत, साध्या नळीतलं ग्लुकोजही नाही. उशीर झालाच, तर उरलेल्या पाण्यावर कोणती तपासणी अजून विश्वासाची आहे, हा प्रश्न लॅबनेच डॉक्टरांना फोन करून मांडायला हवा.

याच संदर्भात जीबीएसचा मुद्दा मनातून जात नाही. त्या आजारात सीएसएफमध्ये प्रथिनं वाढलेली आणि पेशी जवळजवळ नॉर्मल, अशी जोडी शोधली जाते. पेशी ५० च्या वर असतील तर डॉक्टर निदानाचा फेरविचार करतात. आता उशिराने पेशी गळालेला, प्रथिनं मात्र तशीच असलेला एखादा नमुना त्या चष्म्यातून वाचला, तर काय होईल? मज्जारज्जूचा किंवा मुळांचा वेगळाच संसर्ग जीबीएससारखा दिसेल. साथीच्या दिवसांत, जेव्हा सगळ्यांच्या मनात एकच निदान असतं, तेव्हा हा धोका सर्वांत मोठा. म्हणून साथीच्या काळातल्या नमुन्यांवर तर वेळ लिहिलेली असायलाच हवी.

रुग्णाचं पुढे चांगलं झालं. एकेटी सुरूच केली नाही. अँटिबायोटिकचा चौदा दिवसांचा कोर्स पूर्ण झाला. डाव्या कानाची ऐकू येण्याची क्षमता कमी झाली आहे. ती किती जुन्या पुवाची आणि किती मेनिंजायटिसची, हे सांगणं कठीण. कानामागच्या हाडाचं ऑपरेशन नंतर कान-नाक-घसा विभागाने केलं. तो पुन्हा कामावर जातो.

धायरीच्या त्या रुग्णालयाबरोबर बसून आम्ही जे बदल ठरवले, त्यातला सर्वांत उपयोगी बदल खर्चिक नाही. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक होता, न्यूबावर चेंबरही कपाटात होतं आणि मलेरिया पाहणारा तंत्रज्ञ संध्याकाळी आठपर्यंत असतो. पेशींची पहिली मोजणी आता तिथेच, अर्ध्या तासात होते, आणि एक काच तिथेच सुकवून, फिक्स करून बाकीच्या नळ्यांबरोबर पाठवली जाते. सुकवलेली काच प्रवासात बदलत नाही, हा त्यातला फायदा. कल्चरसाठी थोडं पाणी रुग्णाच्या खाटेशीच ब्लड कल्चरच्या बाटलीत सोडलं जातं, जेणेकरून जिवाणूंना प्रवासात खाद्य मिळतं. रक्ताचं कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घेतलं जातं. या रुग्णाचं ते राहून गेलं होतं. ग्लुकोजची नळी करड्या झाकणाची. विषाणूंसाठीची नळी वेगळी, तिच्यावर निळी पट्टी, आणि फक्त तीच बर्फात. सीएसएफ असेल तर रायडर फेरीची वाट न पाहता निघतो आणि पैशांची पावती नंतर होते. या शेवटच्या गोष्टीला हिशोब विभागाची संमती मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. लॅबने रिपोर्टच्या वरच्या ओळीत दोन वेळा छापायला सुरुवात केली आहे: नमुना घेतल्याची आणि पेशी मोजल्याची. दोन तासांहून जास्त अंतर असेल तर आकड्याखाली तशी टीप येते.

रविवारची अडचण अजून सुटलेली नाही. त्या दिवशी तंत्रज्ञ दुपारीच जातो. तूर्त ठरलं आहे ते असं: रविवारी संध्याकाळी मेनिंजायटिसचा संशय आला, तर रक्ताचं कल्चर काढून अँटिबायोटिकचा पहिला डोस लगेच द्यायचा आणि रुग्णालाच मोठ्या रुग्णालयात हलवायचं, एलपी तिथे होईल. डोस आधी गेल्यामुळे कल्चर कोरं येण्याची शक्यता वाढते, मेनिंगोकॉकस तर इंजेक्शननंतर एक-दोन तासांतच पाण्यातून नाहीसा होऊ शकतो. तरीही डोस थांबवायचा नाही. पेशी आणि पीसीआर तेव्हाही बोलतील, फक्त पाणी वेळेत मोजलं गेलं पाहिजे.